टिंबाच्या उजवीकडे

ऑक्टोबर २००६. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात इंटरनेटवरच्या नावांचा, म्हणजे डोमेनांचा, जाहीर लिलाव चालू होता आणि 'फ्लॉवर्स डॉट मोबी' या नावावर बोली चढत होती. ती थांबली २ लाख डॉलरवर. नाव घेणारे रिक श्वार्ट्झ या धंद्यात नवखे नव्हते. 'डोमेन किंग' या टोपणनावाने त्यांना सगळे ओळखत. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून त्यांनी इंग्रजीतले साधे, रोजच्या बोलण्यातले शब्द डॉट कॉममध्ये घेऊन ठेवले होते. त्यांतलं 'कँडी डॉट कॉम' पुढे २००९ मध्ये ३० लाख डॉलरला विकलं गेलं.

डॉट मोबीमागचा त्यांचा हिशेब वेडगळ नव्हता. फोनवर इंटरनेट येणार हे तेव्हा उघड दिसत होतं. छोट्या पडद्यासाठी वेगळी संकेतस्थळं लागतील आणि ती ओळखू यावीत म्हणून वेगळी खूण लागेल, या विचाराने नोकिया, मायक्रोसॉफ्ट, व्होडाफोन यांच्यासारख्या कंपन्यांनी डॉट मोबीला पाठबळ दिलं होतं. शिवाय फुलं म्हणजे ऐन वेळी आठवणारी, वाटेत असताना मागवायची वस्तू. फोनवरून विकायला याहून योग्य काय असणार?

पुढच्याच वर्षी, जून २००७ मध्ये, आयफोन बाजारात आला. त्याच्या पडद्यावर नेहमीचीच संकेतस्थळं उघडत होती आणि दोन बोटांनी मोठी करून वाचता येत होती. काही वर्षांतच पडद्याच्या मापाप्रमाणे स्वतःची मांडणी बदलणारी पानं सर्रास बनू लागली. फोनसाठी वेगळा पत्ता ठेवायचं कारणच उरलं नाही. 'फ्लॉवर्स डॉट मोबी' पुढे विकलं गेलं तेव्हा त्याचे १० हजार डॉलरही आले नाहीत. जग फोनवर आलं, लोक फोनवरून फुलं मागवू लागले. श्वार्ट्झ यांचं भाकीत जवळजवळ शब्दशः खरं ठरलं आणि पैसे मात्र बुडाले.

हा व्यवहार मला या सबंध धंद्याचा गाभा वाटतो. नावांत पैसे गुंतवणाऱ्या माणसाचं लक्ष टिंबाच्या डावीकडच्या शब्दावर असतं. शब्द सोपा आहे का, लोकांना हवासा आहे का, कोणती कंपनी तो मागायला येईल, हेच तो तोलत बसतो. पण नफा-तोट्याचा बराचसा निकाल टिंबाच्या उजवीकडे लागतो, आणि तिथे त्याचं काहीच चालत नाही. कॉम, मोबी, टीव्ही, एआय, आयओ या शेपटांपैकी प्रत्येकाचा कोणीतरी धनी आहे. त्या धन्याची गरज बदलली, करार बदलला किंवा त्याच्या देशाची सीमा बदलली, की डावीकडचा शब्द तोच राहून त्याची किंमत बदलते.

आधी हे पाहू, की 'नाव विकत घेतलं' म्हणजे नेमकं काय होतं. प्रत्येक शेपटाची, म्हणजे एक्स्टेन्शनची, एक मुख्य नोंदवही असते आणि ती सांभाळणाऱ्या संस्थेला रजिस्ट्री म्हणतात. डॉट कॉमची रजिस्ट्री व्हेरिसाइन ही अमेरिकन कंपनी आहे. आपण व्यवहार करतो तो रजिस्ट्रारशी, म्हणजे नावं विकणाऱ्या दुकानाशी. या दोघांच्या वर जागतिक समन्वयासाठी १९९८ मध्ये स्थापन झालेली आयकॅन ही संस्था आहे. पैसे भरले की नाव आपल्याकडे येतं, पण ठरावीक वर्षांसाठीच. डॉट कॉममध्ये एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांचे पैसे भरता येतात. सातबाऱ्यावर आपलं नाव चढत नाही. हा मुदतीचा भाडेपट्टा आहे, आणि मुदत संपताना पुन्हा भाडं भरलं तरच तो चालू राहतो.

भाडं चुकलं तर काय होतं, यावरही एक स्वतंत्र धंदा उभा आहे. डॉट कॉमचं नाव मुदत संपताच लगेच सुटत नाही. आधी रजिस्ट्रारकडची सवलतीची मुदत असते, ती ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकते. मग ३० दिवस असे, की जादा दंड भरून मूळ धारकाला नाव परत घेता येतं. मग ५ दिवस कोणालाच काही करता येत नाही आणि त्यानंतर नाव मोकळं होतं. त्या क्षणी ते पकडायला अनेक कंपन्यांचे संगणक एकाच वेळी मागणी पाठवत असतात. याला 'ड्रॉप' पकडणं म्हणतात. साध्या माणसाने हाताने टाइप करून चांगलं नाव तिथे मिळवणं जवळजवळ अशक्य आहे. खरं तर बरीच चांगली नावं तिथवर पोचतच नाहीत. रजिस्ट्रार ती मधेच लिलावात काढतात.

सुरुवातीला यातलं काहीच नव्हतं. १९८४ मध्ये जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स या संगणकशास्त्रज्ञांनी कॉम, एज्यु, गव्ह, मिल आणि ऑर्ग असे मोजके विभाग कागदावर मांडले. १५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स या संगणक बनवणाऱ्या कंपनीने पहिलं डॉट कॉम नाव नोंदवलं. नावं फुकट मिळत होती, कारण खर्च अमेरिकन सरकार उचलत होतं. सप्टेंबर १९९५ पासून पहिल्या दोन वर्षांसाठी १०० डॉलर आकारले जाऊ लागले. हा आकडा मोठा वाटत नसला तरी त्याने एक गोष्ट झाली: नाव ही किंमत असलेली वस्तू आहे हे सगळ्यांच्या ध्यानात आलं.

काही जणांच्या ते आधीच ध्यानात आलं होतं. १९९४ मध्ये जोशुआ क्विटनर या पत्रकाराने 'वायर्ड' मासिकात लेख लिहिला. 'मॅकडोनाल्ड्स डॉट कॉम' कोणीच घेतलेलं नाही हे पाहून त्याने ते स्वतःच नोंदवलं होतं आणि त्याचं काय करावं हे वाचकांनाच विचारलं होतं. शेवटी कंपनीने ब्रुकलिनमधल्या एका शाळेला संगणकासाठी मदत दिली आणि नाव परत मिळवलं. इतरांचा हेतू इतका निर्मळ नव्हता. इलिनॉयमधल्या डेनिस टोपेन यांनी बऱ्याच नामांकित कंपन्यांची नावं घेऊन ठेवली. त्यांतलं एक 'पॅनाव्हिजन डॉट कॉम'. सिनेमाचे कॅमेरे बनवणाऱ्या पॅनाव्हिजन कंपनीने ते मागितलं तेव्हा त्यांनी १३ हजार डॉलरची मागणी केली. संकेतस्थळावर काय होतं, तर पॅना नावाच्या गावाचे आकाशातून काढलेले फोटो. प्रकरण न्यायालयात गेलं आणि १९९८ मध्ये अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला.

इथे एक रेषा आखली गेली, आणि ती समजून न घेता या धंद्यात पाऊल टाकू नये. दुसऱ्याचा व्यापारी लौकिक ज्या नावात आहे ते अडवून पैसे मागणं ही लुबाडणूक आहे. फूल, विमा, गाडी, आवाज असे सगळ्यांचे शब्द आधी जाऊन घेणं हा व्यापार आहे. १९९९ मध्ये अमेरिकेने पहिल्या प्रकाराविरुद्ध कायदा केला. त्यात एका नावामागे १ लाख डॉलरपर्यंत नुकसानभरपाई ठरवता येते. त्याच वर्षी आयकॅनने जगभर लागू होणारी तंटा सोडवण्याची पद्धत आणली. तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव त्याच्या ट्रेडमार्कशी जुळतं, धारकाचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि नाव वाईट हेतूने घेऊन वापरलं जात आहे.

आपल्याकडे यासाठी वेगळा कायदा झाला नाही, पण न्यायालयांनी वाट काढली. मुंबई उच्च न्यायालयासमोर १९९९ मध्ये रेडिफचं प्रकरण आलं. मुंबईतल्या या कंपनीचं नाव 'रेडिफ', आणि दुसऱ्याने घेतलेलं नाव 'रॅडिफ डॉट कॉम'. फरक रोमन लिपीतल्या एका अक्षराचा. डोमेन नाव म्हणजे नुसता इंटरनेटवरचा पत्ता नव्हे, त्याला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळायला हवं, असं म्हणून न्यायालयाने रेडिफला दिलासा दिला. २००४ मध्ये सत्यम इन्फोवे या कंपनीच्या 'सिफी' या नावावरून सर्वोच्च न्यायालयानेही हेच तत्त्व देशभरासाठी पक्कं केलं. भारतातल्या डोमेन तंट्यांत या निकालांचा आधार आजही घेतला जातो.

सगळ्यांच्या शब्दांतून पैसा कसा मिळत होता, हेही सांगायला हवं. शोधयंत्रांची सवय अंगवळणी पडण्यापूर्वी पुष्कळ लोक हवी असलेली वस्तू थेट पत्त्याच्या चौकटीत लिहीत आणि पुढे 'डॉट कॉम' जोडत. शब्दाच्या धारकाकडे असं आपोआप गिऱ्हाईक येई. त्याला दुकान मांडायची गरज नव्हती. पानावर नुसत्या जाहिराती लावल्या, की कोणीतरी त्यांवर क्लिक करी आणि धारकाला पैसे मिळत. याला पार्किंग म्हणत. त्या काळी ही मिळकत चांगली भक्कम होती. २००४ मध्ये मार्चेक्स या कंपनीने १ लाखाहून अधिक नावांचा एकच साठा १६ कोटी ४० लाख डॉलरला घ्यायचं ठरवलं. पुढे लोक थेट पत्ता लिहिण्याऐवजी गूगलवर शोधू लागले, जाहिरातींचे दर घसरले आणि पार्किंगचं उत्पन्न आटत गेलं.

पण थेट पत्ता लिहिण्याची ही सवय डॉट कॉमपुरतीच होती. 'डॉट नेट' किंवा 'डॉट बिझ' जोडून पाहणारे फार थोडे. म्हणून तोच शब्द दुसऱ्या एक्स्टेन्शनमध्ये कॉमच्या किमतीच्या अगदी लहान हिश्शाला जातो. घाईत होणारी चूकसुद्धा कॉमलाच धरून होते. कॉम लिहिताना 'ओ' राहिला तर 'सीएम' उरतं, आणि ते कॅमेरून या आफ्रिकी देशाचं एक्स्टेन्शन आहे. २००६ च्या सुमाराला तिथे अशी व्यवस्था झाली, की नोंदवलेलं नसलेलं कुठलंही डॉट सीएम नाव टाइप केलं तरी जाहिरातींचं पान उघडावं. कॅनडातले केविन हॅम हे यामागचे व्यावसायिक. यासाठी त्यांनी एकही शब्द विकत घेतला नाही; एका देशाच्या सगळ्या रिकाम्या नावांवर येणारी जगभरची चुकलेली बोटं त्यांनी मिळवली. डावीकडे काय लिहिलं आहे याला तिथे काही महत्त्वच नव्हतं.

सवयीच्या विरोधात गेल्यावर मोठ्या कंपनीचाही निभाव लागत नाही. २०१० मध्ये कोलंबियाचं डॉट सीओ सगळ्या जगाला खुलं झालं. ओव्हरस्टॉक या अमेरिकन ऑनलाइन दुकानाने 'ओ डॉट सीओ' हे एका अक्षराचं नाव साडेतीन लाख डॉलरला घेतलं, २०११ मध्ये त्यावर जोरदार जाहिराती केल्या, ओकलंडच्या स्टेडियमलाही ते नाव दिलं. गिऱ्हाइकं मात्र जाहिरात पाहून 'ओ डॉट कॉम' टाइप करत होती, आणि तिथे काहीच नव्हतं. कंपनीने थोड्याच महिन्यांत जुन्या नावाकडे माघार घेतली.

देशांची दोन अक्षरं आणि त्यांचा व्यापार हा या विषयातला मला सर्वांत जिव्हाळ्याचा भाग वाटतो, कारण इथे सट्ट्याचा पैसा खऱ्या माणसांपर्यंत पोचतो, किंवा पोचत नाही. दोन अक्षरांची ही यादी इंटरनेटवाल्यांनी ठरवलेली नाही. देशांच्या आणि प्रदेशांच्या संकेतांचं आयएसओ ३१६६ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि पोस्टेल यांनी तेच जसंच्या तसं उचललं. देश कोणता मानायचा हा वाद आपल्या अंगावर घ्यायला नको, हे त्यामागचं शहाणपण. त्यातून योगायोगाने काही चिमुकल्या देशांच्या वाट्याला सोन्याची अक्षरं आली.

प्रशांत महासागरातल्या तुवालूची लोकसंख्या ११ हजारांच्या आसपास. जमीन इतकी सखल, की सगळ्यात उंच जागाही समुद्रसपाटीपासून ५ मीटरच्या आतच. त्याच्या वाट्याला आलं 'टीव्ही'. २००० च्या सुमाराला एका अमेरिकन कंपनीने सुमारे १२ वर्षांत ५ कोटी डॉलर द्यायच्या बोलीवर हे एक्स्टेन्शन चालवायला घेतलं. त्या पैशातून दूरच्या बेटांवर वीज पोचली, विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळाल्या, आणि सप्टेंबर २००० मध्ये तुवालू संयुक्त राष्ट्रसंघाचा १८९ वा सदस्य झाला. सदस्यत्वाचा खर्च तोवर त्या देशाला परवडत नव्हता. पुढे हा करार व्हेरिसाइनकडे आणि २०२१ मध्ये गोडॅडी या कंपनीकडे गेला.

नावं घेऊन ठेवणाऱ्यांना मात्र डॉट टीव्हीने एक कडू धडा दिला. आकर्षक शब्द सुरुवातीलाच वेगळे काढून त्यांना चढा दर लावलेला होता, आणि तो चढा दर एकदाच नव्हे, तर दर वर्षी भरायचा होता. कॉममध्ये शब्द कितीही मौल्यवान असो, वार्षिक भाडं सगळ्यांना सारखं असतं. ते किती वाढवता येईल यालाही करारात मर्यादा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये रजिस्ट्रीचा घाऊक दर १०.२६ डॉलर झाला. इतर पुष्कळ एक्स्टेन्शनांत अशी मर्यादा नाही. तिथे शब्दाचा भाव वाढला की भाडं वाढवून तो नफा रजिस्ट्रीच काढून घेऊ शकते.

कॅरिबियन समुद्रातल्या अँग्विलाची गोष्ट ताजी आहे. ब्रिटनच्या ताब्यातलं हे बेट, वस्ती १६ हजारांच्या आसपास, उत्पन्न मुख्यतः पर्यटनावर, आणि दर काही वर्षांनी चक्रीवादळ येऊन तेही मोडायचं. १९९५ मध्ये त्याला 'एआय' मिळालं. अमेरिकेतून तिथे राहायला गेलेले व्हिन्स केट हे संगणकतज्ज्ञ वर्षानुवर्षं त्याचा कारभार पाहत होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रत्येक नव्या कंपनीला हीच दोन अक्षरं हवीशी झाली. २०२३ मध्ये अँग्विला सरकारला यातून सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर मिळाले, म्हणजे एकूण महसुलाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक. सत्तरीपुढच्या नागरिकांच्या मोफत उपचारांना या पैशाचा हातभार लागला. इथेही सट्टेवाल्याला मोकळं रान नाही. नाव कमीत कमी दोन वर्षांसाठीच घ्यावं लागतं, त्यामुळे धरून ठेवायचा खर्च कॉमपेक्षा कितीतरी अधिक. आणि मुदत संपलेली नावं लिलावात जातात, म्हणजे ती पकडून होणारा फायदाही बराचसा बेटाकडेच वळतो. मला ही व्यवस्था न्याय्य वाटते. अक्षरं बेटाची आहेत, त्यांचं मोल बेटावरच्या माणसांना मिळालं पाहिजे.

सगळ्या छोट्या देशांना हे साधलं नाही. तोकेलाऊ ही प्रशांत महासागरातली दीड हजार वस्तीची बेटं. त्यांचं 'डॉट टीके' एका डच उद्योजकाने सबंध जगाला फुकट वाटलं. कोट्यवधी नावं नोंदली गेली, त्यांतली असंख्य फसवणुकीसाठी वापरली गेली, आणि त्या बेटांचं नाव नको त्या गोष्टींशी जोडलं गेलं. ज्या एक्स्टेन्शनची अशी अपकीर्ती होते, तिथे डावीकडचा सुंदर शब्दही कोणी घेत नाही. मेटा कंपनीने दावा लावल्यानंतर २०२३ मध्ये ही फुकट नोंदणी थांबली.

२०१२ मध्ये आयकॅनने आणखी एक दार उघडलं. पूर्ण नवं एक्स्टेन्शनच मागण्याची मुभा, अर्जाचं शुल्क १ लाख ८५ हजार डॉलर. १,९३० अर्ज आले. शब्दांवर चालणारा सट्टा आता एक मजला वर चढला. गूगलने 'डॉट ॲप'साठी अडीच कोटी डॉलर मोजले, 'डॉट शॉप' ४ कोटी १५ लाखांना गेलं, आणि २०१६ मध्ये 'डॉट वेब'चा लिलाव साडेतेरा कोटींवर थांबला. या नव्या मालकांनी कॉमचा इतिहास नीट वाचला होता. उत्तम शब्द त्यांनी स्वतःकडे राखले किंवा चढ्या दराने विकायला ठेवले. पहाटे उठून रांग लावणाऱ्या छोट्या गुंतवणूकदाराच्या हाती दुय्यम, तिय्यम शब्द लागले. 'डॉट एक्सवायझी' सुरू झालं तेव्हा एका रजिस्ट्रारने आपल्या ग्राहकांच्या खात्यांत न मागता ही नावं टाकली, आणि नोंदणीचा आकडा झपाट्याने फुगला. नोंदणीचे मोठे आकडे पाहून एखादं एक्स्टेन्शन चालतंय असं मानणारे यात फसले. लोक ते नाव बोलताना वापरतात का, दुकानाच्या पाटीवर लिहितात का, मुदत संपल्यावर पुन्हा पैसे भरतात का, हे पाहायला हवं होतं.

पुन्हा पैसे भरण्याचा हा हिशेब साधा आहे आणि तोच बहुतेकांना बुडवतो. पाचशे नावं घेतली आणि प्रत्येकी सरासरी १२ डॉलर वार्षिक भाडं धरलं, तर वर्षाला ६ हजार डॉलर जातात. या धंद्यातले जुने लोक सांगतात, की निवडक साठ्यातूनही वर्षाकाठी शंभरात एखाद-दुसरंच नाव विकलं जातं. म्हणजे पाचशेतली पाच ते दहा नावं विकून उरलेल्या सगळ्यांचं भाडं निघायला हवं. डॉट कॉममध्ये बऱ्या शब्दांवर हे जमू शकतं. ज्या एक्स्टेन्शनमध्ये वार्षिक भाडं तिप्पट-चौपट आणि गिऱ्हाईक दहापटीने कमी, तिथे जमत नाही. 'व्हॉइस डॉट कॉम' २०१९ मध्ये ३ कोटी डॉलरला गेलं ही बातमी सगळीकडे छापून आली. भाडं न परवडून सोडून दिलेल्या लाखो नावांची बातमी छापत नाहीत.

भारताचं डॉट इन २००५ च्या सुरुवातीला सगळ्यांना खुलं झालं. त्याआधीचे नियम इतके कडक होते, की सबंध देशात मोजकी काही हजार नावं होती. नावं घेऊन ठेवण्याचा छंद इथेही लागला, आणि अजूनही बरेच तरुण त्यात पहिली चूक तीच करतात, जी पॅनाव्हिजनच्या वेळी झाली. २०२४ मध्ये गाजलेलं 'जिओहॉटस्टार डॉट कॉम' आठवा. दोन कंपन्यांची मनोरंजन सेवा एकत्र येणार हा दिल्लीतल्या एका तरुणाचा अंदाज होता. 'सावन'चं 'जिओसावन' झालेलं त्याने पाहिलं होतं, म्हणून जोडनावही त्याने बरोबर ओळखलं आणि आधीच घेऊन ठेवलं. परदेशात शिकायचा खर्च जिओच्या कंपनीने द्यावा अशी त्याची मागणी होती. ती मान्य झाली नाही. नाव पुढे दुबईतल्या दोन लहान भावंडांकडे गेलं आणि त्यांनी ते कंपनीला विनामूल्य द्यायची तयारी दाखवली. तरुणाची निरीक्षणशक्ती अव्वल होती. पण ज्या नावाचे दोन्ही तुकडे दुसऱ्याचे ट्रेडमार्क आहेत, ते अचूक ओळखण्यात विकण्याजोगं काही नसतं.

मराठी शब्दांची अडचण वेगळीच आहे. रोमन लिपीत आपले शब्द एका ठरावीक रूपात लिहिले जात नाहीत. 'ज्ञ'साठी कोणी डी-एन-वाय लिहितं, कोणी जे-एन, कोणी जी-वाय. त्यामुळे ज्ञानेश्वर, ज्ञानदा, विज्ञान असं एखादं नाव घ्यायचं तर दोन-तीन रूपं धरून ठेवावी लागतात आणि भाडंही तितक्या पटीने भरावं लागतं. यावरचा खरा उपाय म्हणजे देवनागरीत नाव. ऑगस्ट २०१४ मध्ये 'डॉट भारत' देवनागरीत सुरू झालं आणि त्यात मराठी व कोंकणीचा समावेश पहिल्यापासून आहे. संगणकाच्या आत असं नाव 'एक्सएन' आणि दोन जोडरेषांनी सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांच्या ओळीत बदलतं, तरच ते पुढे जातं. पुष्कळ जुन्या प्रणाली अजून हे नाव किंवा त्यावरचा ईमेल पत्ता स्वीकारत नाहीत. सट्टेवाल्यांनी इकडे गर्दी केली नाही, आणि आपल्या भाषेच्या दृष्टीने मला ते भाग्याचं वाटतं. पैठणी, हापूस, चिवडा, दिंडी असे शब्द ज्यांच्या रोजच्या कामाचे आहेत, त्या विणकरांना, बागायतदारांना, छोट्या दुकानदारांना ते साध्या भाड्यात घेण्याची संधी इंग्रजी डॉट कॉममध्ये तीस वर्षांपूर्वी होती तशी इथे राहिली आहे. बँकांचे आणि सरकारी कार्यालयांचे अर्ज देवनागरी पत्ते स्वीकारू लागले, तर ती खऱ्या अर्थाने उपयोगाची होईल.

उजवीकडचा धनी नाहीसा झाला तर काय, हा प्रश्न काल्पनिक नाही. युगोस्लाव्हिया देश फुटला आणि डॉट वाययू मार्च २०१० मध्ये कायमचं बंद झालं. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला आणि १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनमधल्या धारकांची हजारो डॉट ईयू नावं स्थगित झाली. त्यांच्या धारकांनी भाडं वेळेवर भरलेलं होतं.

आज हीच टांगती तलवार डॉट आयओवर आहे. ही अक्षरं हिंदी महासागरातल्या चागोस बेटांची. ब्रिटनने तिथल्या रहिवाशांना १९६८ ते १९७३ दरम्यान हुसकावून लावलं, कारण दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ व्हायचा होता. ती माणसं मॉरिशस, सेशेल्स आणि पुढे ब्रिटनमध्ये विखुरली. १९९७ मध्ये एका खासगी ब्रिटिश कंपनीने डॉट आयओ सुरू केलं. संगणकवाल्यांना त्यात 'इनपुट-आउटपुट' दिसलं आणि नव्या तंत्रज्ञान कंपन्यांनी ते डोक्यावर घेतलं. ते चालवणारी कंपनी २०१७ मध्ये ७ कोटी डॉलरला विकली गेली. चागोसवासीयांनी या उत्पन्नातला वाटा मागितला, पण त्यांच्या हाती काही आलं नाही. अँग्विलाचे वृद्ध आणि तुवालूची मुलं यांना जे मिळालं, ते इथे मिळालं नाही. कारण ज्यांची जमीन त्यांना आधीच तिच्यावरून उठवलेलं होतं.

२२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांनी या बेटांचं सार्वभौमत्व मॉरिशसकडे देण्याच्या करारावर सह्या केल्या. अशा हस्तांतरानंतर 'ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश' हा स्वतंत्र प्रदेश उरला नाही आणि आयएसओच्या यादीतून त्याची दोन अक्षरं काढली गेली, तर आयकॅनच्या नियमांनुसार एक्स्टेन्शन ५ वर्षांत बंद करायचं असतं. ही मुदत फार तर आणखी ५ वर्षांनी वाढवता येते. सोव्हिएत संघ गेला तरी डॉट एसयू चालू राहिलं, हा दाखला धारक पुढे करतात आणि भाडं भरत राहतात. मला त्या अक्षरांच्या हिशेबात चागोसच्या माणसांचा वाटा पाहायचा आहे. एक्स्टेन्शन टिकलं तर मॉरिशसशी होणाऱ्या पुढच्या करारात त्यांच्या नावाचं कलम असलं पाहिजे, आणि डॉट आयओमध्ये पैसे गुंतवणाऱ्यांनीही ती मागणी उचलून धरली पाहिजे.